बोली झाली, पैका कोठे?

नवी वस्तू बाजारात आली म्हणून माणसाचा स्वभाव नवा होत नाही. पूर्वी पेठेत माल पसंत करून 'उद्या पैसे घेऊन येतो' असे सांगून जाणारे गिऱ्हाईक असे, आणि दुकानदार बिचारा तो माल बाजूला काढून वाट पाहत बसे. आज दुकान संगणकाच्या पडद्यावर गेले, तसे ते गिऱ्हाईकही तेथे गेले. आपल्या सभासदांच्या घरांतील तरुण मंडळी महाजालावर नाना प्रकारची खरेदी-विक्री करतात. त्यांत 'डोमेन', म्हणजे संकेतस्थळाच्या नावांची विक्री, हाही एक प्रकार आहे. वडीलधाऱ्यांस तो अपरिचित आहे आणि तरुणांस तो वाजवीपेक्षा सोपा वाटतो. म्हणून त्याविषयी, आणि विशेषतः बोली लावून पैसे न देणाऱ्या गिऱ्हाइकाविषयी, या स्मरणिकेत थोडे विवेचन करावे असे आम्ही योजिले आहे.

डोमेन म्हणजे काय?

संगणक एकमेकांस आकड्यांनी ओळखतात. माणसाच्या ध्यानात आकडे राहत नाहीत, म्हणून त्या आकड्यांस नावे देण्याची सोय झाली. 'डॉट कॉम' या शेवटाचे पहिले नाव १९८५ च्या मार्च महिन्यात नोंदले गेले. १९९५ साली या नोंदणीस वर्षाला ५० डॉलर शुल्क सुरू झाले. त्यापूर्वी ते पडत नसे. १९९८ साली अमेरिकेत स्थापन झालेली 'आयकॅन' ही संस्था या नावांच्या व्यवस्थेवर देखरेख ठेवते. आपल्या देशाच्या 'डॉट इन' नावांचे काम २००३ साली स्थापन झालेली 'निक्सी' ही संस्था पाहते, आणि २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' असेही नाव घेता येते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. हे नाव घराच्या जागेसारखे कायमच्या मालकीचे नसते. ते पट्ट्याने घेतलेल्या शेतासारखे असते. शुल्क भरून ते एका वेळी फार तर दहा वर्षांपर्यंत राखता येते आणि मुदत संपण्यापूर्वी पुन्हा शुल्क भरावे लागते. पण एक नाव जगात एकाच्याच हाती राहते, त्यामुळे चांगल्या नावास किंमत येते. १९९९ साली 'बिझनेस डॉट कॉम' हे नाव ७५ लाख डॉलरला विकले गेले. २०१९ साली 'व्हॉइस डॉट कॉम' या नावास ३ कोटी डॉलर मिळाले. अशा वार्ता वाचून पुष्कळांनी नावे नोंदवून ठेविली आहेत. त्यांतील बहुतेकांस गिऱ्हाईकच लाभत नाही, हे मात्र वार्तेत येत नाही. आणि ज्यांस लाभते त्यांचीही चिंता तेथे संपत नाही.

तोटा नेमका कशाचा?

एक कल्पित उदाहरण घेऊ. आपल्या उज्जैन नगरीत २०१६ नंतरचा सिंहस्थ २०२८ साली भरावयाचा आहे. समजा, एका तरुणाने यात्रेकरूंच्या निवासाच्या धंद्यास शोभेल असे एक नाव नोंदविले आणि महाजालावरील लिलावात ठेविले. तिघांनी बोली लाविली. चाळीस हजारांवर लिलाव बंद झाला. जिंकणाऱ्याने प्रथम 'सोमवारी पाठवितो' असे कळविले, मग बँकेच्या सुटीचे कारण दिले, आणि पुढे उत्तर देणेच सोडले. दोन महिने असे गेले.

नाव तर विक्रेत्यापाशीच आहे, मग बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडले ते असे की, पस्तीस हजार देऊ म्हणणारा दुसरा गृहस्थ मधल्या काळात अन्य नाव घेऊन मोकळा झाला. नावाचा हंगाम दोन महिन्यांनी जवळ आला, आणि हंगामी वस्तू जसजशी हंगामाशी भिडते तसतसे तिचे मोल घसरते. शिवाय मुदतवाढीचे शुल्क पदरचे भरावे लागले ते निराळेच. म्हणजे या व्यवहारात दोन निरनिराळे धोके आहेत. पैसे येण्यापूर्वी नाव हातचे जाणे हा एक. आणि नाव हाती राहूनही वेळ व खरी गिऱ्हाइके हातची जाणे हा दुसरा. पहिल्याची भीती सर्वांस असते. दुसरा निमूटपणे नुकसान करतो, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते.

पैसे न देणारे कोण असतात?

सगळेच लबाड नसतात. काही जण चढाओढीच्या भरात बोली वाढवितात आणि रात्र उलटल्यावर पस्तावतात. काहींपाशी पैसा नसतोच. हे नाव मधल्या मध्ये तिसऱ्यास चढ्या भावाने विकू आणि त्याच पैशांतून पहिल्याचे देणे भागवू, असा त्यांचा हिशेब असतो. तिसरा भेटला नाही की ते नाहीसे होतात. काही ठिकाणी जोडीने डाव खेळला जातो: एक जण अवाच्या सवा बोली लावून इतरांस पळवून लावतो व शेवटी माघार घेतो, आणि त्याच्याच सोबत्याची हलकी बोली वर येते.

उघड ठकबाजीचे प्रकार आणखी निराळे. एका प्रकारात गिऱ्हाईक मोठी किंमत कबूल करते, पण 'अमुक संस्थेचे मूल्यांकनाचे प्रमाणपत्र आणा' अशी अट घालते. विक्रेता शुल्क भरून प्रमाणपत्र आणतो. ती संस्था गिऱ्हाइकाचीच असते आणि गिऱ्हाईक परत येत नाही. दुसऱ्या प्रकारात पैसे कार्डावरून येतात, नाव हस्तांतरित होते, आणि मग कार्डाचा व्यवहार उलटविला जातो. तिसऱ्यात नामांकित मध्यस्थ संस्थेच्या नावाशी मिळतेजुळते खोटे संकेतस्थळ उभारून 'पैसे जमा झाले' असा खोटा निरोप धाडला जातो.

जुन्या बाजाराची शिकवण

हा रोग नवा नाही, म्हणून त्याचे औषधही जुन्या बाजारात सापडते. आपल्या चिमनगंज मंडीत सोयाबीनचा वा गव्हाचा लिलाव ज्यांनी पाहिला आहे, त्यांस हे सहज पटेल. तेथे बोली लावणारा अनोळखी नसतो. तो परवानाधारक व्यापारी असतो. १९७२ च्या मध्य प्रदेश कृषी उपज मंडी अधिनियमाने शेतकऱ्याचे पैसे त्याच दिवशी मंडीच्या आवारात चुकते करण्याचा दंडक घातला. उशीर झाल्यास दररोज शेकडा एक याप्रमाणे अधिक रक्कम द्यावयाची, आणि पाच दिवसांत पैसे न दिल्यास सहाव्या दिवशी परवानाच रद्द समजावयाचा. शेतकऱ्यास कोर्टाची पायरी चढावयास न लावता त्याचा दाम मिळावा, हा त्यामागचा हेतू.

न्यायालयाच्या हुकुमाने होणाऱ्या मालमत्तेच्या लिलावाचे नियम १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आहेत. स्थावर मिळकतीची शेवटची बोली ज्याची, त्याने तत्काळ किमतीच्या २५ टक्के रक्कम भरावयाची. न भरल्यास तेथल्या तेथे पुन्हा लिलाव. उरलेली रक्कम १५ दिवसांत. चुकल्यास भरलेली रक्कम न्यायालयास जप्त करता येते. फेरलिलावात किंमत कमी आली तर ती तूटही चुकार बोलीदाराकडून वसूल होऊ शकते. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की हे नियम बंधनकारक आहेत. ते पाळले नाहीत तर विक्री झालीच नाही असे समजावे.

या दोन्ही उदाहरणांत चार गोष्टी समान दिसतात: बोलीदाराची ओळख, ठरलेली मुदत, चुकल्यास शिक्षा, आणि माल अडकून न पडता पुन्हा विकण्याची मोकळीक. न्यायालयाने पाचवी गोष्ट जोडली, ती म्हणजे तत्काळ इसार. महाजालावरील लिलावात ओळख पुष्कळदा एखाद्या टोपणनावापुरती असते, इसार क्वचितच घेतला जातो, आणि शिक्षा म्हणाल तर फार तर खाते बंद होते. तो मनुष्य दुसऱ्या नावाने पुन्हा येतो. 'ईबे' या प्रसिद्ध लिलावस्थळाने तर २००८ पासून विक्रेत्यांस गिऱ्हाइकाविषयी प्रतिकूल शेरा मारण्याचीही मुभा ठेविली नाही.

मग करावे काय?

पहिला धोका टाळण्यास मध्यस्थाची व्यवस्था उपयोगी पडते. तीत गिऱ्हाईक पैसे तिऱ्हाइताकडे ठेवते. पैसे जमा झाल्याचे कळल्यावर विक्रेता नाव हस्तांतरित करतो. नाव पोचल्याचे गिऱ्हाइकाने मान्य केले की तिऱ्हाईत पैसे सोडतो. १९९९ पासून अशा संस्था महाजालावर काम करीत आहेत. मात्र तिऱ्हाइताच्या संकेतस्थळाचा पत्ता आपण स्वतः लिहून उघडावा. गिऱ्हाइकाने पाठविलेल्या दुव्यावर बोट ठेवू नये. पैसे जमा होईपर्यंत नावाचे कुलूप काढू नये आणि हस्तांतराचा गुप्त संकेत कोणासही देऊ नये. तो संकेत म्हणजे घराची किल्लीच होय. हप्त्याने विक्री असेल तर शेवटचा हप्ता येईपर्यंत नाव मध्यस्थाच्या ताब्यात राहावे.

दुसऱ्या धोक्यावर मध्यस्थ पुरा पडत नाही, कारण ज्याने पैसे ठेविलेच नाहीत त्यास मध्यस्थ काय करणार? तेथे इसार आणि मुदत हीच साधने. सौदा ठरताच पत्राने पुढील गोष्टी लिहून घ्याव्या: किंमत व चलन, मध्यस्थाचे शुल्क कोणी द्यावयाचे, इसाराची रक्कम, पूर्ण पैशांचा शेवटचा दिवस व तास, आणि तो तास भारतीय वेळेप्रमाणे की परदेशी. मुदत टळल्यास सौदा आपोआप रद्द होईल व नाव दुसऱ्यास विकले जाईल, हे वाक्य अवश्य असावे. एक स्मरणपत्र धाडावे, दोन दिवस थांबावे, आणि मग संकोच न करता दुसऱ्या बोलीदारास विचारावे. त्या बोलीदारांचे पत्ते म्हणूनच जपून ठेवावे. 'उधारीचे पोते सव्वा हात रिते' ही म्हण येथेही खरी ठरते.

कायद्याचा आधार किती?

आधार आहे, पण त्याची मर्यादाही ओळखावी. विद्युत संदेशांनी झालेला करार केवळ त्या कारणाने निरर्थक ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००९ पासून स्पष्ट केलेले आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे करार मोडणाऱ्याकडे नुकसानभरपाई मागता येते. दाव्याची मुदत साधारणतः तीन वर्षे. इसाराविषयी १९६३ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निर्णय उद्बोधक आहे. त्यात इसाराचे १,००० रुपये विक्रेत्याने ठेवून घेण्यास हरकत नाही असे ठरले. परंतु पुढे घेतलेले २४,००० रुपये, जप्तीची अट करारात आहे एवढ्यावरून, जप्त करता येत नाहीत असेही ठरले. तेव्हा इसार माफक असावा. दंडाच्या भाषेत मोठी रक्कम लिहून समाधान मानू नये.

ग्राहक न्यायालय ग्राहकासाठी आहे. विक्रेत्यास गिऱ्हाइकाविरुद्ध तेथे दाद मिळत नाही. केवळ मन बदलले म्हणून पैसे न देणे हा दिवाणी प्रश्न होय. आरंभापासूनच फसविण्याचा हेतू असेल तर मात्र तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ प्रमाणे गुन्हा ठरतो, आणि महाजालावर पैशांची फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. एरवी चाळीस हजारांसाठी परदेशातील अनोळखी माणसामागे वकील लावणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

आणखी एक इशारा. जे नाव मुळात दुसऱ्याच्या पेढीच्या नावाची नक्कल आहे, त्याच्या विक्रीस कायदा पाठबळ देणार नाही. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने 'रेडिफ' या नावात एक अक्षर बदलून घेतलेल्या नावाचा वापर थांबविला आणि डोमेन नाव ही मौल्यवान मालमत्ता आहे असे म्हटले. २००४ साली सर्वोच्च न्यायालयानेही अशा नावांस व्यापारचिन्हांप्रमाणे संरक्षण मिळते हे मान्य केले. आपला माल चोख असेल तरच गिऱ्हाइकास जाब विचारण्यात अर्थ आहे.

आपल्या भाषेत 'बोली' या एकाच शब्दाने आपण बोलणे आणि लिलावातील भाव या दोहोंस ओळखतो. तेव्हा घरातील मुलगा विकणारा असो वा घेणारा, वडीलधाऱ्यांनी त्यास दोन प्रश्न विचारावे. विकणाऱ्यास विचारावे, 'अट लिहून घेतलीस काय?' आणि घेणाऱ्यास विचारावे, 'बोली लावण्यापूर्वी पैसे मोजून ठेविलेस काय?' चढाओढीच्या भरात लाविलेल्या बोलीमुळे दूर कोठे तरी एखाद्या गरजू घराचा हंगाम वाया जात असतो. संगणक न जाणणाऱ्या वडिलांसही हे दोन प्रश्न विचारता येतील, आणि तेवढ्यानेही पुष्कळ नुकसान टळेल असा आमचा विश्वास आहे.