चांदणीच्या नावाचं टेलिफोन एक्स्चेंज

दोस्तांनो, टेलिफोनच्या बटणांवर शून्याच्या डाव्या बाजूला एक छोटी चांदणी असते, बघितलीय? इंग्रजीत तिला ‘ॲस्टरिस्क’ म्हणतात. याच नावाचं एक टेलिफोन एक्स्चेंज आहे आणि ते चक्क कॉम्प्युटरच्या पोटात मावतं!

गोष्ट १९९९ सालची. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात मार्क स्पेन्सर हा कॉलेजात शिकणारा मुलगा होता. लिनक्स वापरणाऱ्यांना मदत करणारी छोटीशी कंपनी त्याने काढली. गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला एक्स्चेंज हवं होतं. पण ते त्याच्या खिशाला परवडेना. मग? पठ्ठ्याने स्वतःच प्रोग्राम लिहिला! शिवाय त्याचा ‘सोर्स कोड’, म्हणजे मूळ कृती, सर्वांसाठी खुली केली. युनिक्समध्ये चांदणीचा अर्थ ‘काहीही चालेल’. कुठलाही फोन कशालाही जोडता यावा, म्हणून हे नाव.

लिनक्सवर तो बसवणं म्हणजे विकतचे लाडू न आणता घरी वळणं. आधी सोर्स कोड उतरवून घ्यायचा. ‘कॉन्फिगर’ ही आज्ञा दिली की कॉम्प्युटर जणू डबे उघडून बघतो, सगळं सामान आहे ना? ‘मेक’ म्हटलं की कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर होतं. ‘मेक इन्स्टॉल’ म्हटलं की तयार माल जागच्या जागी ठेवला जातो.

आता दोन फायली लिहायच्या. एकीत फोनची नावं आणि पासवर्ड. दुसरीत कुठला नंबर फिरवल्यावर काय व्हावं ते. १०१ आजीचा, १०२ तुमचा. ६०० वर ‘इको’ ठेवा. मग मोबाइलवर इंटरनेट-फोनचं ॲप घेऊन ६०० फिरवा. तुम्ही ‘हॅलो’ म्हणालात की तोच ‘हॅलो’ परत येईल! साध्या पद्धतीत तुमचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजला जातो आणि बहुधा ५० छोट्या पुडक्यांतून धावतो.

पण सावधान! पासवर्ड १२३४ ठेवलात आणि एक्स्चेंज इंटरनेटवर उघडं टाकलंत, तर चोर शिरतात. बाहेरची लाइन जोडलेली असेल तर ते परदेशी फोन करतात आणि बिल येतं मालकाला. म्हणून प्रयोग घरच्या वायफायपुरताच करा, मोठ्यांना सोबत घेऊन.

मार्कच्या खिशात तेव्हा भरपूर पैसे असते तर? त्याने एक्स्चेंज विकत आणलं असतं, आणि आजीला १०१ वर फोन लावायला आपल्याला हा प्रोग्राम मिळालाच नसता!