समजून घ्या : ‘रोड फायटर’ खेळताना आता हात का चुकतो?

श्रीपूर (ता. माळशिरस) : दिवाळीला आजोळी माळ्यावर जुना व्हिडिओ गेम सापडला. कॅसेटला सवयीने फुंकर मारली (तिचा उपयोग नसतो, उलट ओलाव्याने पिना गंजतात), मामाच्या नव्या एलईडी टीव्हीत पिवळी-पांढरी वायर खोचली आणि ‘रोड फायटर’ सुरू झाला. थोरला मामेभाऊ पुढे सरसावला. हंगामात तो कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर नेतो, आणि लहानपणी गल्लीत या गेममध्ये त्याचा हात कुणी धरत नव्हतं. पहिल्याच मिनिटात गाडी तीनदा कठड्यावर आदळली. त्याचा मुलगा खो-खो हसला. ‘वय झालं रे आपलं,’ म्हणत त्याने रिमोट खाली ठेवला.

वय नाही, टीव्ही बदललाय. तो कसा, हे कळायला आधी गेम कसा चालतो ते पाहू.

गाडी धावतच नव्हती

कोनामी कंपनीचा हा गेम 1984 मध्ये आर्केडमध्ये आणि 1985 मध्ये जपानच्या फॅमिकॉमवर आला. आपल्या घरांत तो पोहोचला बहुतेक फॅमिकॉमची नक्कल केलेल्या स्वस्त डब्यांतून, ‘9999999 इन 1’ लिहिलेल्या कॅसेटमधून. (आतले निम्मे गेम तेच ते, नावं वेगळी.)

फॅमिकॉमची मेमरी अवघी 2 केबी, चित्रासाठी आणखी 2 केबी. एवढ्यात अख्खा रस्ता मावणार कुठून? म्हणून रस्ता 8 बाय 8 ठिपक्यांच्या छोट्या फरशांचा. सेकंदाला 50-60 वेळा चिप सगळी फरशी थोडी खाली सरकवते आणि वर नवी ओळ अंथरते. आपली गाडी त्याच उंचीवर उभी, फक्त डावी-उजवीकडे हलते. अटारीच्या 1976 च्या ‘नाइट ड्रायव्हर’मध्ये तर गाडी चित्रातही नव्हती, पडद्याला लावलेला प्लास्टिकचा तुकडा म्हणजे गाडी!

मग खेळ उरतो तो एवढाच : समोरून येणारा ट्रक दिसला की वेळेत बाजूला होणं. धडकलात की पेट्रोल घटतं, संपलं की रिमोट दुसऱ्याकडे. लोडशेडिंगआधीच्या तासाभरात आम्हा पाच जणांचे नंबर या पेट्रोलनेच लावले.

उशीर कुठे होतो?

जुना डबा टीव्ही सिग्नल येईल तशी एकेक ओळ लगेच रंगवायचा. नवा टीव्ही आधी पूर्ण चित्र गोळा करतो, ते ताणून मोठं करतो, साफ करतो आणि मग दाखवतो. उशीर सेकंदाच्या दहाव्या भागाइतका धरला, तरी तेवढ्यात रस्ता पाच-सहा वेळा सरकलेला असतो. तुम्ही ज्या ट्रकला चुकवता, तो आधीच पुढे आलेला असतो.

उपाय टीव्हीच्या सेटिंगमध्येच आहे. तिथे ‘गेम मोड’ असेल तर सुरू करा. ही साफसफाई बरीच बंद होते. बदकं मारायच्या बंदुकीला मात्र इलाज नाही. पडद्यावरचा प्रकाश ती ठरलेल्या क्षणीच तपासते आणि नव्या टीव्हीवर तो उशिरा येतो.

मामाच्या टीव्हीत गेम मोड निघाला. भावाने पहिला टप्पा एका दमात पार केला, दुसऱ्यात तेलावरून घसरला. मुलाने लगेच रिमोटसाठी हात पुढे केला. जुना डबा टीव्ही कधीच भंगारात गेलाय. भाऊ आता अकलूजच्या टीव्ही रिपेअरवाल्यांकडे तसा एखादा शोधतोय.