तालुका खटावचा, कचेरी वडूजची

खटाव तालुक्याची कचेरी कुठे, असे विचारले तर नवखा माणूस 'खटावला' असेच म्हणेल. पण सरकारी कागदासाठी खुद्द खटावकरालाही वाट धरावी लागते ती वडूजची. नाव एका गावाचे, कारभार दुसऱ्या गावात!

साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव मागे टाकीत मी वडूजला गेलो, तेव्हा मुलखाचा कोरडेपणा डोळ्यांत भरला. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस इथवर येईतो दमून जातो. गावाजवळून येरळा वाहते. पण ही नदी पाण्यापेक्षा वाळूच अधिक दाखवते. बाजरी-जोंधळ्यावर जगणाऱ्या या भागातील कित्येकांनी पोटासाठी मुंबई गाठली, तर कित्येक सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा करीत देशभरच्या पेठांत जाऊन बसले.

मग अशा गावी पाहायचे ते काय? मी गेलो होतो तो या कचेरीच्याच इतिहासाच्या ओढीने.

१९४२ साली 'चले जाव'ची हाक उठली आणि सातारा जिल्ह्यातले शेतकरी मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे नेऊ लागले. बेत साधा होता: निःशस्त्र जायचे आणि तिरंगा लावायचा. ३ सप्टेंबरला तासगावला तो रक्त न सांडता पार पडला. वडूजचा मोर्चा निघाला ९ सप्टेंबरला. पुढे होते जयराम स्वामींच्या वडगावचे परशुराम घार्गे. समर्थांच्या काळातल्या रामदास पंचायतनातले जे जयराम स्वामी, त्यांचेच हे गाव. इथे मात्र पोलिसांनी गोळीबार केला. घार्गे यांच्यासह नऊजण हुतात्मे झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरातही गोळ्या झाडल्या गेल्या.

उघड्या मोर्चांचे असे मोल द्यावे लागल्यावर साताऱ्याची चळवळ भूमिगत झाली आणि १९४३ पासून नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. प्रतिसरकारच्या कथा आपण चवीने ऐकतो. त्यामागे वडूजचे हे नऊ देह आहेत, हे सहसा कोणी सांगत नाही.

आता वडूजला नगरपंचायत आहे आणि लोक दाखले-उताऱ्यांसाठी निर्धास्त कचेरीची पायरी चढतात. वाचकहो, सुटीत मुलांना गडकोट जरूर दाखवा; पण एकदा वडूजलाही न्या. साध्या शेतकऱ्यांनीही इतिहास घडविला, हे त्यांना तिथे निराळे शिकवावे लागणार नाही.