पाच मिलिव्होल्ट

मार्च 2022 मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी केलेली विजेवरची स्कूटर पेटली. तो व्हिडिओ घरोघरी मोबाइलवर पोचला. त्या उन्हाळ्यात देशात इतरत्रही अशा आगी लागल्या. सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली आणि बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-156 हे मानक डिसेंबर 2022 पासून टप्प्याटप्प्याने कडक झाले. पण मानक पाळले जाते ते नेमके कुणाच्या हातून, हे मला पाहायचे होते. म्हणून भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात गेले. तिथे मालवाहू तीनचाकींचे बॅटरी पॅक बांधले जातात.

एमआयडीसीतल्या शेडमध्ये पाऊल टाकले की कुलंटचा आणि तापल्या लोखंडाचा वास येतो. इथे तो अजिबात नव्हता. दारातच अंगठ्या, घड्याळ, बांगड्या काढून ठेवायच्या, कारण धातू सेलच्या दोन टोकांना टेकला तर शॉर्ट व्हायला क्षण पुरतो. सेल तपासायच्या टेबलावरच्या ताईंचे मंगळसूत्र कोटाच्या वरच्या बटणाखाली नीट दडवलेले होते.

सेल लोह-फॉस्फेटचे, चीनहून आलेले. एकेक चौकोनी सेल जवळपास दोन किलोंचा. ताई दोन्ही हातांनी तो समोर घेत, कोपरे पाहत, पोटावरून बोट फिरवून फुगवटा नाही ना याची खात्री करत आणि मग दोन टोकांवर प्रोब टेकवत. पडद्यावर व्होल्टेज आणि अंतर्गत रोध उमटे, बारकोड वाचला जाई, सेल आपल्या ट्रेमध्ये जाई. एका ट्रेमधल्या सेलमध्ये किती फरक चालतो, असे विचारले. मान वर न करता त्या म्हणाल्या, “पाच मिलिव्होल्ट. सहा झाले की दुसऱ्या ट्रेत.”

पाच मिलिव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दोनशेवा भाग. एवढ्याने काय होते? या पॅकमध्ये 3.2 व्होल्टचे 16 सेल एकामागोमाग जोडतात, मिळून 51.2 व्होल्ट. बैलजोडीत एक बैल थकला की दुसऱ्याच्या ताकदीला अर्थ उरत नाही, तसेच इथे होते. एक सेल आधी रिकामा झाला की बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, सगळा पॅक बंद करते आणि तो आधी भरला तर चार्जिंगही तिथेच थांबते. त्यात लोह-फॉस्फेटची खोड अशी, की मधल्या टप्प्यात चार्ज बराच कमी-जास्त झाला तरी व्होल्टेज फारसे हलत नाही. म्हणून मिलिव्होल्टचा फरकसुद्धा आत दडलेल्या मोठ्या तफावतीची खूण असू शकतो.

पुढची कामे ओळीने होत जातात: सेल पट्ट्यांत आवळणे, लेझरने बसबार (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) जोडणे, बीएमएस बसवणे, पेटी सीलबंद करून गळती तपासणे आणि शेवटी पॅक पूर्ण भरून-रिकामा करून पाहणे. मी ते सगळे पाहिले, पण पुन्हा त्याच टेबलाशी येऊन उभी राहिले.

कारण तेवढ्यात नवा खोका उघडला होता. ताईंनी झाकण उचलले आणि हात मागे घेऊन क्षणभर थांबल्या. “गोडसर वास आला की हात लावायचा नाही. नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा येतो.” सेलमधले द्रावण झिरपले की असा वास येतो. त्यातल्या लिथियमच्या क्षाराला हवेतला ओलावा लागला, तर हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होते. ते कातडीला आणि फुप्फुसाला घातक. म्हणजे धोक्याची पहिली सूचना त्या स्वतःच्या श्वासावर घेत होत्या. वासाचा अंदाज मोलाचा खराच. पण त्या टेबलावर हवा खेचून घेणारा हूड आणि वायू ओळखणारा सेन्सर हवा. तिथे भिंतीवर फक्त पंखा होता.

ताई आयटीआय झालेल्या आहेत आणि कंत्राटी आहेत. शेजारच्या दोघीही. 2021 मध्ये केंद्र सरकारने देशात सेल बनावेत म्हणून 18,100 कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली, आणि ते योग्यच झाले. सेल बाहेरून आणायचे आणि गाडी स्वदेशी म्हणायची, हे फार दिवस चालू नये. पण सेल उद्या इथे बनले तरी ते पारखणारी बोटे लागणारच. पाच आणि सहा मिलिव्होल्टमधली रेघ शिफ्टच्या आठव्या तासालाही चुकू न देणे, हे कसबी काम आहे. हजेरीपटावर मात्र ते ‘हेल्पर’ म्हणून लागते.

विजेवरची गाडी धूर सोडत नाही, म्हणून आपण तिला स्वच्छ म्हणतो. ती बांधणाऱ्या बाईला स्वच्छ हवा, कसबाचा दर्जा आणि कायम नोकरी मिळणे, हेही त्याच स्वच्छतेत मोजले पाहिजे. गाडीच्या किमतीत त्याने थोडी भर पडेल. ती आपण द्यावी, कारण मुलांना मागे बसवून आपण ज्या बॅटरीच्या भरवशावर निघतो, तो भरवसा अशाच टेबलांवर तयार होतो.