खाऱ्या काठावरचं गोडं पाणी

मार्चअखेरच्या शनिवारी आम्ही दोघं पाठीवर एकेक सॅक अडकवून गेटवेहून लाँचमध्ये चढलो. तासाभरात मांडव्याची जेट्टी आली. अलिबागला जाणारी बस आम्ही सोडून दिली आणि चालायला लागलो. मांडवा, सासवणे, आवास, किहीम असा रस्ता आणि किहीमच्या एका वाडीत एका रात्रीचा मुक्काम, एवढाच बेत होता.

ऊन चांगलंच तापलं होतं. उजव्या हाताला अथांग पाणी, पण त्यातला एक घोटही पिण्याजोगा नाही. पायाखाली वाळू पोळत होती. मग वाट वाडीत शिरली आणि दहा पावलांत हवाच बदलली. नारळाच्या झावळ्यांची सावली, ओल्या मातीचा वास, पाटातून झुळझुळणारं पाणी. वाडीतल्या काकूंनी तांब्या पुढे केला. पाणी थंड होतं, आणि चक्क गोडं. समुद्राची गाज तिथवर ऐकू येत होती.

वाळवंटातल्या मरूद्यानाबद्दल आपण पुस्तकात वाचतो. तिथे सभोवती वाळू असते, इथे एका बाजूला खारा समुद्र. पण बागेची मांडणी तीच. सौदी अरेबियातलं अल-अहसा हे जगातलं सर्वांत मोठं मरूद्यान. तिथे सुमारे 25 लाख खजुराची झाडं आहेत आणि 2018 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. मरूद्यानात वर खजूर, त्याच्या सावलीत डाळिंब-अंजीर आणि जमिनीलगत भाजीपाला अशी तीन मजली शेती चालते. या किनारपट्टीतल्या, म्हणजे अष्टागरातल्या वाडीत वर नारळ, खाली पोफळी, पोफळींवर चढलेली नागवेल नि मिरी, आणि तळाशी केळ, अळू, हळद. वरच्याने खालच्याची ओल जपायची, हा दोन्हीकडचा नियम. अलिबाग या नावातही बागच आहे. अली नावाच्या एका धनिकाने इथे विहिरी खोदल्या, बागा लावल्या, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात.

पण समुद्राच्या इतक्या जवळ विहिरीला गोडं पाणी लागतं कसं? या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो वाळूत मुरतो आणि खाली शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो. एक लिटर गोडं पाणी साधारण एक किलो भरतं, तर समुद्राचं पाणी त्याहून सुमारे 25 ग्रॅम जड. एवढ्याशा फरकामुळे दोन्ही पटकन मिसळत नाहीत. हलकं वर, जड खाली. किनाऱ्यावरच्या विहिरी या तरंगत्या थरातलं पाणी देतात. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला भरतीच्या वेळी समुद्राचा वेढा पडतो, तरी आत गोडं पाणी मिळतं.

याच हिशेबात धोकाही दडलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या अभ्यासकांनी एक ढोबळ नियम मांडला. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर सपाटीखाली सुमारे चाळीस फूट गोडं पाणी असतं. म्हणजे वरची पातळी कायमची एक फूट उतरली, तर खालून खारं पाणी चाळीस फूट वर चढू शकतं. विहिरीत डोकावणाऱ्याला ती एक फुटाची घट दिसते. खालचे चाळीस फूट कुणालाच दिसत नाहीत.

पूर्वी वाडीचं शिंपण रहाटावर होई. बैल दमला की रहाट थांबे आणि तेवढ्या वेळात विहीर भरून येई. मोटर दमत नाही. खोल बोअर तर थेट खाऱ्या पाण्याच्या दिशेनेच उतरते. संध्याकाळी अंगणात बसल्यावर काकू म्हणाल्या, "मे महिन्यात मोटर जास्त चालली ना गं, की पाणी मचूळ होतं. मग डाळसुद्धा शिजत नाही."

आणि मे महिन्यातच इथे सुट्टीच्या पाहुण्यांची गर्दी होते. गोड्या पाण्याचा थर सर्वांत पातळ असतो तेव्हाच बंगल्यांची हिरवळ आणि पोहण्याचे तलाव सर्वाधिक पाणी मागतात. पावसाचं पाणी मुरायला मोकळी जमीन आणि गावतळी हवीत; आपण मात्र अंगणं फरशीने झाकतो आहोत.

याच किहीममध्ये 1930 साली एक जोडपं राहायला आलं होतं. पक्षीअभ्यासक सलीम अली यांची नोकरी गेली होती. ते आणि त्यांची पत्नी तेहमिना इथे राहिले, आणि त्या दिवसांत सलीम अलींनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर अर्धं घरटं विणतो, मादी ते पारखते, पसंत पडलं तर नर ते पुरं करतो आणि मग दुसरं विणायला घेतो, हे त्यांनी बारकाईने टिपलं. गावाकडून त्यांना हवी होती ती सावली आणि पाहायला भरपूर वेळ. आजच्या पाहुण्यानेही एवढ्यावर समाधान मानलं, तर वाडीची विहीर गोडी राहील.

रविवारी सकाळी न्हाणीघरात दोन बादल्या भरून ठेवलेल्या होत्या, माणशी एक. ती आम्हाला पुरली. बाहेर आलो तर न्हाणीतलं पाणी पाटाने वळून एका पोफळीच्या आळ्यात जिरत होतं. निघण्यापूर्वी आम्ही विहिरीच्या काठावर जाऊन आत पाहिलं. पाणी कालच्याच पायरीवर होतं.