ओहोटीचे पाहुणे

पालघर आणि बोईसर ही नावे आज साऱ्या देशाला ठाऊक आहेत, ती मुख्यतः १९६९ साली वीज देऊ लागलेल्या तारापूरच्या अणुवीज केंद्रामुळे. परंतु थंडीच्या दिवसांत जो बोईसरला उतरून चिंचणीच्या किनाऱ्यावर जातो, त्याला तेथे एक निराळेच नवल पाहावयास मिळते. ते म्हणजे दूरदेशींचे पक्षी.

मात्र निघण्यापूर्वी तिथी पाहावी. या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येस दुपारच्या सुमारास भरती असते आणि आलेल्या माणसाला नुसते पाणी दिसते. अष्टमीच्या आसपास मात्र दुपारी ओहोटी असते. पाणी मागे सरते, ओली वाळू व चिखल उघडा पडतो आणि त्यात दडलेले किडे, शिंपले, लहान खेकडे यांचे ताट पक्ष्यांपुढे मांडले जाते.

चिखल्या हा लहानसा पक्षी चार पावले धावतो, थबकतो, टोच मारतो आणि पुन्हा धावतो. त्याची चोच आखूड, पण डोळे मोठे असतात. तो भक्ष्य पाहून टिपतो. शेजारीच लांब, खाली वाकलेल्या चोचीचा कोरल चिखलात चोच खुपसून चालतो. त्याच्या चोचीच्या टोकाला स्पर्शज्ञान असते, म्हणून न दिसणारा किडाही त्याला सापडतो. एकाच ताटात जेवून दोघांचे भांडण होत नाही, ते यामुळेच. तपकिरी डोक्याचा कुरव मात्र नावाने फसवितो! हिवाळ्यात त्याचे डोके पांढरे असते, डोळ्यामागे काळसर ठिपका तेवढा उरतो. तपकिरी रंग चढू लागला, की त्याचे परतीचे दिवस जवळ आले असे समजावे. त्याची घरटी लडाख-तिबेटातील सरोवरांच्या काठी असतात.

एवढा प्रवास हे पक्षी अंगातील चरबीच्या बळावर करतात. २०२२ साली पाणटिवळ्याच्या जातीतील एका कोवळ्या पक्ष्याने अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५६० किलोमीटर अंतर अकरा दिवसांत, कोठेही न उतरता कापले. चरबी ही त्यांची शिदोरी, आणि ती बांधावयास ओहोटीचे थोडेच तास मिळतात. कोणी हौसेने थव्यामागे धावले, की सारे पक्षी भुर्रकन उडतात. दृश्य सुंदर दिसते खरे. पण प्रत्येक उड्डाणात त्या शिदोरीतला घास खर्ची पडतो आणि तेवढा वेळ जेवण थांबते ते निराळेच.

दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळच्या बोल्डर्स किनाऱ्यावर रानटी पेंग्विन पाहावयास माणसे जातात. तेथे लोकांसाठी लाकडी वाट बांधली आहे. पेंग्विनांच्या घरट्यांत कोणी पाय टाकीत नाही. चिंचणीला तशी वाट नाही. येथे आपणच दूर, सूर्य पाठीशी घेऊन, वाळूवर बसावयाचे. थोड्याच वेळात पक्ष्यांना माणसाचा विसर पडतो.

दुपार कलली की भरती चढू लागते. पाणी पुढे येते, तसतसे पक्षीही मागे सरत बसलेल्या माणसाच्या जवळ येतात. उरलेल्या वाळूच्या पट्ट्यावर, वाऱ्याकडे तोंड करून, कित्येक तर एका पायावर, ते दाटीने उभे राहतात. शेवटी एक लाट त्या पट्ट्यावरून जाते, आणि सारा थवा आपण होऊन उठतो.