कोर्लईचे दीपगृह : चढता चढता समजणारा भूगोल



"पृथ्वी गोल आहे" हे वाक्य आपली मुले पहिल्या-दुसरीपासून घोकतात. पण पुरावा काय, असं विचारलं की गप्प! हा पुरावा डोळ्यांनी दाखवायचा असेल तर मुलांना कोर्लईला न्या.

अलिबागहून मुरुडकडे जाताना रेवदंड्याचा पूल ओलांडला की कोर्लई गाव लागते. कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते तिथे एक डोंगर थेट पाण्यात घुसला आहे. त्यावर पोर्तुगीजांच्या काळातला किल्ला आणि समुद्राच्या बाजूला उतारावर दीपगृह. गाडी गावातच ठेवा. कोळीवाड्यातून किनाऱ्याच्या कडेने चालत दीपगृहापर्यंत जा. तिथून पुढे पायऱ्यांनी किल्ल्यावर चढता येते.

या वाटेवर मुलांना तीन ठिकाणी थांबवा : किनाऱ्यावर, दीपगृहाजवळ आणि किल्ल्यावर. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा, "क्षितिज किती लांब असेल?"

उत्तर काढायला सोपे सूत्र आहे. डोळ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि 3.57 ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येते.

- किनाऱ्यावर उभे मूल (सुमारे 1.2 मीटर) : जवळजवळ 4 किमी
- 25 मीटर उंचीवर : सुमारे 18 किमी
- 80 मीटर उंचीवर : सुमारे 32 किमी

म्हणजे उंची चौपट केली की अंतर दुप्पट होते. पृथ्वी सपाट असती तर वर चढल्याने क्षितिज असे लांब गेलेच नसते. दुर्बीण असेल तर किनाऱ्यावरून दूरची एखादी होडी बघायला सांगा. तिचा खालचा भाग पाण्याआड गेलेला असतो, वरचाच दिसतो. तीच होडी वरून बघितली की जास्त दिसते. (दुर्बीण सूर्याकडे मात्र अजिबात नको!)

आता मुलंच सांगतील, दीपगृह उंचावर का बांधतात. दिवा कितीही प्रखर असला तरी बुटका असेल तर पृथ्वीच्या फुगवट्याआड लपणार. प्रत्येक दीपगृहाच्या झोताची लयही ठरलेली असते, त्यावरून खलाशी जागा ओळखतो. अंधार पडल्यावर किनाऱ्यावरून दोन झोतांमधले सेकंद मोजायला सांगा. मुलांना फार मजा वाटते.

जाण्यापूर्वी एवढे बघा :

- दीपगृह आतून बघण्याची वेळ आणि परवानगी आधी विचारून घ्या.
- पाणी सोबत न्या. भर दुपारी चढू नका. पावसाळ्यात दगड निसरडे असतात, तेव्हा टाळलेलेच बरे.
- तटाच्या कडेला फोटोसाठी कोणालाही जाऊ देऊ नका. दहा मुलांमागे एक मोठे माणूस हवेच.

परत आल्यावर निबंध लिहायला लावू नका. फक्त विचारा, "पृथ्वी गोल आहे हे तू कशावरून म्हणतोस?" या वेळी उत्तर पुस्तकातले नसेल.